वाहिलेली झोप

१

नवस मी आजवर पुष्कळ बोलले, आणि देवीच्या दयेने सगळे फेडलेसुद्धा. लेकीचं लग्न ठरावं म्हणून एक अख्खा हंगाम आंबा तोंडाला लावला नव्हता, तोही घरची कलमं असताना. ह्यांचं पायाचं हाड सांधेपर्यंत चहा सोडला होता. आपल्याला जे आवडतं ते देवीपाशी ठेवायचं, काम झालं की गुरवाकडून गाऱ्हाणं घालून परत मागून घ्यायचं, अशी आमच्याकडची रीत. पण गेल्या फाल्गुनात नातीसाठी बोलले तो नवस निराळा. तेव्हा मी देवीला माझी झोप वाहिली.

नम्रता, माझी लेक, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे मिठबावला आलेली. जावई निकेत तळेऱ्याला दुकानात, रविवारी येऊन जायचे. मुलगी झाली, आरोही नाव ठेवलं. गोड पोर, अंगाने नाजूक, पण झोपत नसे. डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठायची, आणि मग असं रडायची की आवाज बसायचा. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सगळं समजावून सांगितलं. अंघोळ रोज ठरल्या वेळी, खोलीत काळोख, मोबाईल दूर, डोळे जड झाले की लगेच झोळीत. आम्ही सगळं मनापासून केलं. दृष्ट काढली, अंगारा लावला, तेही केलं. वजन वाढेना.

एके सकाळी मी परसात गेले तर नम्रता बावीच्या कठड्याला टेकून उभी. बाळ छातीशी, नजर खाली पाण्यात. मी हाक न मारता, पावलांचा आवाज न करता जवळ गेले.

"आई, हिका घे," ती न वळताच म्हणाली. "माझ्या हातात नको ठेव. माका आता माझोच भरवसो नाय."

मी बाळ घेतलं. त्याच दुपारी देवळात गेले.

दाजी गुरव सभामंडपात पाय पसरून सुपारी कातरत बसले होते. मला काय नवस बोलायचा ते सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"झोप? आंबो झालो, चाय झाली, आता झोप? फुडच्या वर्साक श्वास वाहूक येशीत."

"थट्टा नको, दाजी. पोरीचो जीव जाता."

"बरा. मुदत काय घालू? पोर चालाक लागापर्यंत? फुडच्या शिमग्यापर्यंत?"

"देवी आवस आमची, तिका कसली मुदत घालूची? माझी झोप तिका लागू दे, बस."

दाजींनी पसरलेले पाय आवरून घेतले. "मुदत घालतत गो," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून उठले, नारळ हातात घेतला. "बा देवी म्हाराजा, आज ही तुझी लेक तुझ्या पायाकडे इली आसा. नातीक सुखाची झोप लागूक व्हयी म्हणान आपली झोप तुझ्या पदरात घालता आसा. ती मान्य करून घे, आणि पोरीची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. तिथे तिसरं कुणी नव्हतं.

२

माझी झोप वाडीत प्रसिद्ध होती, हे सांगायला हवं. जेवणं आटोपून मी चटईवर आडवी झाले की झाले. मासे घेऊन येणारी गंगू नेहमी म्हणायची, "येशाक्का निजली म्हणजे चोरांनी घरातली भांडी घासून ठेवली तरी कळाचा नाय."

देवळातून आले ती तशीच मधल्या खोलीत गेले. आमचं घर नवं, स्लॅबचं. छताच्या कडीला माझ्या जुन्या मऊ साडीची झोळी बांधलेली. आरोही रडत होती. मी तिला आत घातलं, दोरी हातात घेतली, तोंडाने देवीचं नाव. झोका चार वेळा गेला असेल नसेल, रडणं थांबलं. वाकून बघितलं तर पोर गाढ झोपलेली. नम्रता दारात उभी राहिली, तोंडावर हात ठेवून, आणि तिथेच खाली बसली. मायलेकी आवाज न करता रडलो.

उन्हं उतरली तरी आरोही उठली नाही. रात्रीही झोपली. दुसऱ्या दिवशीही.

मला झोप आली नाही. पण त्याचं मला नवल वाटलं नाही, दुःख तर नाहीच. दिलेली वस्तू आपल्याकडे कशी असेल? थकवाही नव्हता. मी बसून काजू सोलायचे, जप करायचे. नम्रताच्या गालावर रंग परत आला. अंगणात तुळशीपाशी गाणं गुणगुणताना मी तिला ऐकलं, आणि मनात म्हटलं, हे एवढ्यासाठी जन्मभर जागी राहीन.

३

पहिल्यांदा ते गंगूच्या लक्षात आलं. पाटी पडवीत ठेवून ती हात धुऊन बाळ बघायला आत आली, आणि हसत सुटली.

"गो बाय माझे! ह्या तर येशाक्काचाच निजणा!"

खरंच होतं. आरोही उजव्या कुशीवर, तळहात गालाखाली, आणि डावी टाच उजव्या पावलावर हळूहळू घासत. मी लहानपणापासून अशीच झोपते. एवढ्या लहान बाळाला कुशीवर वळता यायला नुकतंच लागलेलं. टाच घासणं कुठून शिकली? श्वास सोडताना तिच्या ओठांतून बारीक फुर्र असा आवाज येत होता.

"घोरतासुद्धा तुझ्यासारखी," नम्रता म्हणाली. तिने व्हिडिओ काढून निकेतला पाठवला.

मी स्वतःची समजूत घातली. नात आजीच्या वळणावर जाते, त्यात काय. रक्ताचं असतं ते. नाक माझं आलं, कपाळ माझं आलं, तशी झोपण्याची सवय आली. मी देवीपुढे साखर ठेवली.

पण एक सांगते. आपण झोपलेले कसे दिसतो हे कुणालाच कधी बघायला मिळत नाही. मी रोज दुपारी ते बघत बसायचे, आणि मला ते आवडत नव्हतं.

४

मग एका दुपारी आरोहीच्या कपाळावर आठी पडली. झोपेतच तिने मान डावीकडे वळवली, आणि श्वास धरला. सोडला. पुन्हा धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग तोंड पसरून जागी झाली.

माझ्या हातातली दोरी सुटली.

माझं माहेर धामापूरला, तळ्याच्या वरच्या अंगाला. घर आता पाडून टाकलंय. पण मला समज आल्यापासून एक स्वप्न पडतं, ते त्याच घरातलं. अंगावर तीळ असावा तसं ते माझ्याबरोबर आहे. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नाही. टळटळीत दुपार असते, घरात सगळे निजलेले असतात, मी स्वयंपाकघरात उभी असते. डाव्या हाताला मागचं दार. त्याला आडवा लाकडी अडसर. आणि दारापलीकडून कुणीतरी मला हाक मारतं, "येशे."

आवाज वाईट नाही हो. मायेचा आहे. मला, यशोदेला, येशे म्हणणारी एक माझी आईच होती.

आईची शिकवण अशी होती की दुपारी किंवा तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. आपलं माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. जे आपलं नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही. कोकणात कुठल्या घरात हे सांगत नाहीत? स्वप्नातही मला ते आठवतं. पहिली हाक येते, मी श्वास धरते. दुसरी येते, मी श्वास धरते. मग पलीकडे शांत होतं. गेलेलं नसतं ते. वाट बघत असतं. आणि मी जागी होते.

माझा जन्म गेला, तिसरी हाक कधी आली नाही. मीही कधी ओ दिली नाही.

मी झोप दिली तेव्हा मला वाटलं होतं, झोप म्हणजे नुसती झोप. तिच्या आत हे घरही जाईल, हे दारही जाईल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

५

"आई, आयकलंस? आई, बेगीन ये!"

नम्रता मांडीवर आरोहीला घेऊन बसली होती, गंगू समोर उकिडवी.

"परत एकदा," गंगू म्हणाली. "आरोही! ए आरोही!"

"ओ," आरोही म्हणाली, आणि दोघी टाळ्या पिटून हसल्या.

"बघलंस? हाक मारली काय ओ देता! आमच्या झिलान वर्साचो झालो तरी तोंड उघडल्यान नव्हता. हुशार गो तुझी नात."

"तिका असा शिकवा नको," मी म्हणाले.

माझा आवाज चढला असावा. हसणं थांबलं. नम्रताने आरोहीला जवळ ओढलं. "आई, पोर बोलूक लागली तर तुका राग कसलो?"

"राग नाय गो. पण हाकेक ओ देऊक नको शिकवू. दुसरा कायपण शिकव."

"तू निजत नाय ना, म्हणान तुका असा होता," ती हळू आवाजात म्हणाली. वाईट बोलली नाही. काळजीने बोलली. म्हणून जास्त लागलं.

मी देवळात गेले. दाजी समईची काजळी पुसत होते.

"माझी झोप माका परत मागून द्या, दाजी. काम झाला. पोर निजता."

"मगे आता मागलंस तर जागी होतली ती."

"होऊ दे जागी. रडू दे. मी घेऊन बसान."

दाजींनी फडका बाजूला ठेवला. थट्टा करतील असं वाटलं होतं, केली नाही. "मुदत घालून ठेयलेली वस्तू परत मागूक येता. बिनमुदतीची ती दिलेली. मी तुका तेव्हाच सांगलंय."

"काय उपाय नाय?"

"बदली होता," ते म्हणाले. "तुझ्या जागी दुसऱ्या कोणी आपखुशीन आपली झोप बोलली तर तुझी सुटात. पण जबरीन नाय. आणि कशाक देतत ता तेका सांगूक व्हया."

६

त्या दुपारी नम्रता बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपली होती. आता ती छान झोपायची. हे कलमात गेलेले, वानर हाकायला. मी मधल्या खोलीत झोळीजवळ भिंतीला टेकून बसले, एका हाताने चिंचेतले चिंचोके काढत, दुसऱ्या हातात दोरी. खिडकीला चादर लावलेली. तिच्या विणीतून येईल तेवढाच उजेड, आणि तो झोळीच्या पलीकडून येत होता, त्यामुळे पातळ साडीतून आरोहीचा आकार दिसत होता. मुठी, पाठ, एवढीशी टाच.

स्वयंपाकघरातलं मागचं दार मी जेवणं झाल्या झाल्या लावून घेतलं होतं. लोखंडी दार, स्टीलची कडी. बसल्या जागेवरून मला ती दिसत होती.

आरोहीने मान डावीकडे वळवली. श्वास धरला.

मी दोरी थांबवली. उठवावं का तिला? पण हाक मारायला जीभ उचलेना. झोपेत तिला माझी हाक कुठली आणि ती कुठली, हे कसं कळावं? मी हात पुढे केला. एवढ्यात तिने श्वास सोडला, आणि पुन्हा धरला.

आणि म्हणाली, "ओ."

खेळात म्हणायची तशी नाही. झोपेने जड झालेल्या, कामातून उठून येणाऱ्या बाईसारखी. जशी मी दिली असती.

मग काहीच झालं नाही. बाहेर कावळा ओरडत होता तो थांबला. पंख्याचा आवाज येत होता. मी मनात म्हटलं, बघ यशोदा, काही नसतं; म्हाताऱ्या बाईचं जागरण आहे हे. आणि तेव्हा स्वयंपाकघरातून लाकडावर लाकूड सरकल्याचा आवाज आला. सावकाश. शेवटी भिंतीला टोक आपटून होणारा तो ठक् सुद्धा. माझ्या माहेरच्या अडसराचा होत असे तसा.

मी दाराकडे बघितलं. कडी लागलेली होती. दार बंद होतं. लादीवर उन्हाची रेघ होती तशी होती.

झोळीची गाठ करकरली.

हळूहळू झोळी खाली आली. साडी ताणली गेली, तळ जमिनीपासून चार बोटांवर येऊन थांबला. माझ्या हातातली दोरी आपोआप घट्ट झाली. मी बाळाच्या टाचेकडे बघत होते. डोळे वर न्यायचे नाहीत, एवढंच मला कळत होतं. त्या एवढ्याशा टाचेशेजारी साडीला आतून दुसरी टाच टेकली. मोठी, बाईमाणसाची. ती लहान पावलावर हळूहळू घासू लागली, जशी मी घासते, जसं कुणी दमून घरी येऊन शेवटी एकदाचं अंग टाकतं.

आरोहीच्या ओठांतून फुर्र असा आवाज आला. पाठोपाठ दुसरा, जरा खालच्या पट्टीतला.

मी काय केलं ते सांगते. मी दोरी ओढली. झोका दिला. थांबवला असता तर उठलं असतं. काय उठलं असतं ते बघायची माझी छाती नव्हती. मी नाव घेत राहिले आणि दोरी ओढत राहिले. हात भरून आला तरी ओढत राहिले.

केस सावरत नम्रता आत आली. "कितकी शांत निजली गो," ती म्हणाली, आणि वाकून साडी बाजूला केली, आरोहीला उचललं. आत आरोही एकटीच होती. जांभई देत होती.

नम्रता तिला घेऊन पडवीत गेली. मी झोळीकडे बघत होते. बाळ काढून घेतलं तरी झोळी वर आली नाही. तशीच खाली, भरलेली, थोडी हलत राहिली.

७

डॉक्टरीणबाई खूश आहेत. आरोहीला काट्यावर ठेवलं तेव्हा त्यांनी दोनदा बघितलं. "छान! एकदम छान वाढलंय वजन. आजी, काय खायला घालता?" नम्रता हसली. मी आरोहीच्या हाताकडे बघत होते. मनगट पूर्वीइतकंच बारीक आहे. दंडावरचा काळा दोरा पूर्वीइतकाच सैल आहे.

आरोही म्हणून हाक मारली तर ती आता वळत नाही. नम्रताला वाटतं कान तपासून घ्यावेत. कान तिचे चांगले आहेत. परवा अंगणात खेळता खेळता तिने एकदम मान डावीकडे वळवली आणि "ओ" म्हणाली. आम्ही कुणी हाक मारली नव्हती.

झोळी सोडून मी तिला चटईवर निजवून बघितलं. तरी तेच. तिच्या शेजारी चटई दबते.

गंगूला मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती आधी हसली. "माझ्या झोपेत काय आसतला? बांगडे नि सुरमय. ने, व्हयी तर." मी म्हटलं, थट्टा नको, नीट आठवून सांग. ती आठवत राहिली. पाटीवरचा हात तसाच राहिला. मग म्हणाली, "नको गो येशाक्का. माझ्या झोपेत माझो बुडालेलो घोव येता. होडयेतसून उतारता, भिजलेलो. तेका तुमच्या पोरीकडे खंय धाडू?" आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. पैसे घ्यायलाही थांबली नाही.

नम्रताला मी विचारणार नाही. विचारलं तर ती देईल, आणि मग तिला बावीच्या कठड्यावरून कोण आणणार?

देवीवर माझा विश्वास आहे. तिने माझं मागणं ऐकलं, जसं मागितलं तसं दिलं. उपायही तिनेच दाजींच्या तोंडून सांगितला. तेव्हा तो होणार, माणूस भेटणार, असं मी धरून चालले आहे. म्हणूनच हे लिहिलं. ज्याला द्यायचं त्याला कशाला देतो ते कळलं पाहिजे, असं दाजी म्हणाले होते. आता तुम्हाला कळलं आहे.

तुम्ही वाचणाऱ्या कुणी आई असाल, आजी असाल. तुमची झोप साधी असेल. पाठ टेकली की काळोख, आणि डोळे उघडले की सकाळ. मधे काही नाही. अशी झोप पुष्कळांची असते म्हणतात. तिच्यातली थोडी आमच्या आरोहीला द्या. मिठबावला यायला नको. तुमच्या घरच्या देवापुढे, नारळ नसला तर चिमूटभर साखर ठेवून, तिचं नाव घेऊन बोलायचं. मुदत घाला, माझ्यासारखं करू नका. एक दुपार म्हटलं तरी पुरे. तेवढ्यात मी माझी झोप परत घेईन, आणि जे तिच्यात शिरलंय ते माझ्याबरोबर येईल. मला चालेल. माझ्याच दाराशी आलेलं आहे ते.

फक्त बोलण्याआधी एकदा आठवून बघा. तुमच्या झोपेत कुठे दार आहे का? असेल, तर राहू दे. नसेल, तर आज दुपारीच बोला.